लाल झगा आणि अनवाणी पाय

मी ओरिन पेकम, वय अडुसष्ट, धंदा माणसांचे चेहरे, खाणावळींच्या पाट्या, खुर्च्या व शवपेट्या रंगवणे, राहणार प्लम रन वस्ती, ओहायो. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंवरून कोणी कोणाच्या झिंज्या उपटू नयेत, एवढ्याच कारणासाठी हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहून ठेवतो.

देवाच्या दयेने माझे डोके अद्याप ठिकाणावर आहे. आमच्या वस्तीचे मॅजिस्ट्रेट गिडियन लूमिस यांनी काल येऊन याची खात्री करून घेतली. त्यांनी मला वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. राष्ट्राध्यक्षांचे नाव विचारले, तेही सांगितले, आणि त्यांच्याविषयीचे माझे मतही जोडले. ते मत मृत्युपत्रात घालू नये असा त्यांनी सल्ला दिला व तो मी मानतो आहे. शरीराचे मात्र खरे नाही. छातीत धाप भरते आणि उजवा हात कापतो. ही बातमी वस्तीत पसरली तेव्हा खाणावळीत बसलेल्यांनी आश्चर्याने विचारले म्हणे, की पेकमचा हात आत्ता कापायला लागला, तर मग इतकी वर्षे त्याला काय झाले होते.

पहिले कलम. माझी शवपेटी मीच करून ठेवली आहे, ती गोठ्याच्या माळ्यावर आहे. साध्या पाइनच्या फळ्यांना अक्रोडाच्या लाकडाचा रंग देण्याचा मी प्रयत्न केला. तो साधला नाही. पेटी भाजलेल्या डुकरासारखी दिसते. तरी तिच्यातच मला घालावे, कारण झाकण घट्ट बसते आणि एकदा मातीखाली गेल्यावर रंगाची चर्चा होणार नाही. दफनाच्या वेळी कोणी माझ्या कलेविषयी भाषण करू नये. सगळ्यांना हसू आवरत नाही आणि प्रसंगाला ते शोभणार नाही.

दुसरे कलम. माझा पुतण्या चॉन्सी पेकम, राहणार कनेक्टिकट, याची पत्रे अलीकडे वाढली आहेत. प्रत्येक पत्रात तो माझ्या तब्येतीची चौकशी करतो, आणि तब्येत बरी आहे असे कळवले की पुढचे पत्र लांबते. त्याच्या या मायेला जागून मी त्याला सिंहाची पाटी देतो. ही मी इथल्या खाणावळीसाठी रंगवली होती. खाणावळवाल्याने ती परत केली, कारण येणारे वाटसरू ती पाहून मेंढीचे मटण मागू लागले. पाटी नेण्याचा खर्च चॉन्सीने करावा.

तिसरे कलम. खाणावळीच्या वरच्या खोलीत गेल्या उन्हाळ्यापासून एक तरुण येऊन राहिला आहे. तो चकचकीत पत्र्यावर उजेडाने चेहरा उमटवतो. चेहरा हुबेहूब येतो, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि तो पाहून घरी आल्यावर मी जेवलो नाही. पण पोरांपुढे त्याची डाळ शिजत नाही. पोर जरा हलले की पत्र्यावर धुके उठते, मग तो पोराचे डोके मागून लोखंडी चिमट्यात धरतो आणि पोर भोकाड पसरते. त्याला मी माझी मेपलच्या साखरेची बरणी देतो. पोराच्या गालात एक खडा ठेवावा आणि तो विरघळेपर्यंत काम आटपावे. माझ्या सगळ्या कलेत खात्रीने उपयोगी पडणारी गोष्ट ही एवढीच होती. बरणीला झाकण नाही, मुंग्या सांभाळाव्यात.

चौथे कलम. हे घर, त्यामागची बाग, गाय आणि गायीचा स्वभाव, चुलीची भांडी, माझा लोकरी पलंगपोस व भिंतीवरचे घड्याळ, जे चालू असले की चुकीची वेळ दाखवते, हे सगळे मी साब्रा डोन हिला देतो. साब्राचा नवरा नदीवरच्या मालाच्या तराफ्यावर होता, तो तिकडेच बुडाला. तेव्हापासून ती आणि तिची पाच वर्षांची लव्हिना माझ्या माळ्यावर राहतात. ती भाडे म्हणून माझा स्वयंपाक करते आणि व्याज म्हणून मला बोलते. मी मक्याच्या लापशीत मीठ जास्त मागितले की म्हणते, "काका, मीठ खायचं तर समुद्राकाठी राहायचं होतं, इथं कशाला आलात जंगलात." मला मूल नाही. असते तर याहून जास्त बोलले असते असे वाटत नाही.

साब्रा लहान असताना तिचे आईबाप नदीतून येणाऱ्या बोटीवर तापाने गेले. धक्क्यावर उतरवलेल्या गाठोड्यांत ही सापडली. वस्तीच्या पंचांनी तिला अठरा वर्षांची होईपर्यंत डीकन आसाहेल क्रेन यांच्या घरी कामाला बांधून दिले. डीकन म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचे कारभारी, आता हयात नाहीत. तिच्या आईबापांची एक वस्तूही तिच्यापाशी नाही. डीकनच्या घरात आरसा ठेवत नसत, मोह नको म्हणून. एकदा भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली होती, "लहानपणी मी दिसायची कशी तेच मला ठाऊक नाही, काका. ते ठाऊक असतं तर आई कशी असेल याचा निदान अंदाज आला असता." माझ्याकडे बोलण्यासारखे काही आहे हे तेव्हा मलाच माहीत नव्हते.

पाचवे कलम, म्हणजे लाल झगा. यासाठी थोडे मागे जावे लागेल, वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

या परगण्यात ज्या ज्या घरी मी काढलेले पोराचे चित्र टांगलेले आहे, त्या त्या घरी पोराच्या अंगावर लाल मेरिनो लोकरीचा झगा आहे. गळ्याशी पांढरी किनार, खाली तीन दुमडी, पोर वाढेल तशा उसवायला ठेवलेल्या. परक्या माणसाला वाटावे की प्लम रनला एके काळी लाल कापडाची गिरणी होती. गिरणी नव्हती. झगा एकच होता आणि तो माझा होता. इथली पोरे अक्रोडाच्या सालीत रंगवलेल्या जाड्याभरड्या कापडात वाढली, मुलगे काय आणि मुली काय. मुलाला पहिली विजार चढेपर्यंत तोही झग्यातच फिरतो. असल्या तपकिरी कापडात पोराचे चित्र काढले तर मागच्या लाकडी भिंतीतून ते वेगळे ओळखू येत नाही. म्हणून मी पेटीतून लाल झगा काढायचो. तो पाठीमागून उघडा असल्यामुळे कोणालाही होई. बारीक पोराला मागून टाचण्या लावायच्या, जाड्या पोराला मागे उघडेच ठेवायचे. चित्रात पाठ दिसत नाही. गळ्यात पोवळ्यांची माळ म्हणून जंगली गुलाबाची वाळलेली फळे ओवून घालायची. पायांत लाल बूट मी मनाने काढायचो, कारण सगळी पोरे अनवाणी असत आणि आयांना सगळ्यांत जास्त समाधान बुटांचेच असे. मुलगा असेल तर भांग एका बाजूला आणि हातात चाबूक. मुलगी असेल तर भांग मधोमध आणि हातात फूल किंवा मांजर. हातात काहीतरी द्यावेच लागे, कारण मला हात काढता येत नाहीत. माझ्या चित्रांतली बोटे गाजरांच्या जुडीसारखी दिसतात. मांजर धरले की त्यातली बरीचशी मांजराखाली जातात.

हा झगा मुळात माझा नव्हता. डीकन क्रेन यांच्या पत्नी इलेक्टाबाई यांनी माहेरून आणलेला आपला लाल अंगरखा फाडून तो आपल्या मुलीसाठी, फिलूरासाठी, शिवला. फिलूराने तो एकदाही घातला नाही. का घातला नाही ते पुढच्या कलमात येईल. त्याच हिवाळ्यात इलेक्टाबाई वारल्या. फिलूरा आता कॅप्टन हॉस्मर टिफ्ट यांची पत्नी आहे. आईच्या हातचे तिच्याकडे दुसरे काही नाही, डीकनने सगळे वाटून टाकले. म्हणून हा लाल झगा, साबणाने धुऊन, मी फिलूरा टिफ्ट हिला देतो. तो तिच्या स्वतःच्या हातात द्यावा, तिच्या नवऱ्याच्या नव्हे. बायकोची वस्तू कायद्याने नवऱ्याची होते हे मला लूमिस यांनी समजावले आहे. मला ते समजले आहे आणि तरीही हे वाक्य मी खोडत नाही. दुमडी मी कधी उसवल्या नाहीत. तिन्हींवरचे टाके इलेक्टाबाईंचेच आहेत.

सहावे कलम. माझ्या घरात चुलीच्या वरच्या भिंतीवर जे चित्र आहे त्याविषयी. गाव त्याला 'डीकनची पोर' म्हणते. साब्राही तेच म्हणते आणि दर शनिवारी ते पुसते. या चित्रावरून माझी जेवढी टिंगल झाली तेवढी सिंहावरूनही झाली नसेल.

मी रंगांची पेटी पाठीवर टाकून इकडे नुकताच आलो होतो, तेव्हाची गोष्ट. डीकनना फिलूराचे चित्र हवे होते. मोबदला म्हणून त्यांनी गायीच्या कातड्याचे नवे बूट दिले आणि ते आधीच माझ्या पायांत चढले होते. मी चित्र काढायला गेलो त्याच सकाळी फिलूराला गालगुंड झाले. दोन्ही गाल टम्म. डीकन म्हणाले की चेहरा सुजलेला येता कामा नये आणि मला जेवू घातलेला दिवसही फुकट जाता कामा नये. मग इलेक्टाबाईंनी तोड काढली. त्यांच्या घरची बांधील पोर फिलूराच्याच उंचीची होती. झगा तिला घालावा, मी झगा काढावा, आणि चेहरा मागाहून आठवणीने काढावा. फिलूराला मी रविवारी प्रार्थनाघरात पाहिले होते. खरे म्हणजे मी तिची टोपी पाहिली होती.

इलेक्टाबाईंनी चुलीपुढे टब ठेवून त्या पोरीला न्हाऊ घातले. स्वतःच्या फणीने तिचे केस विंचरले, मधोमध भांग पाडला, पाठीमागचे आकडे एकेक करून लावले. त्यांना घाई नव्हती. पोर हलली नाही. मी आयुष्यात जेवढी पोरे समोर उभी केली त्यांत साखरेशिवाय उभी राहिलेली ती एकटी. झग्याखाली तिचे पाय उघडे होते आणि डाव्या पायाच्या अंगठ्यावर ढलप्या फोडताना कुऱ्हाड लागल्याची आडवी खूण होती. मला तेव्हा मनाने बूट काढण्याची युक्ती सुचलेली नव्हती, म्हणून मी पाय जसे होते तसे काढले, खुणेसकट. मग आठवणीतला चेहरा काढायला घेतला. आठवणीत टोपी होती आणि समोर चेहरा होता. माझा हात बिचारा जे दिसेल ते काढत गेला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की एवढ्यापुरते बघू नकोस.

इलेक्टाबाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला हलकेच म्हणाल्या, "आता याला हात लावू नका. असंच राहू द्या." मला ती स्तुती वाटली. आता वाटते की त्यांनी ओळखले होते.

संध्याकाळी डीकन आले. त्यांनी चित्र पाहिले आणि घरी आलेल्या दोन शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "ही माझी मुलगी नव्हे. माझ्या मुलीला बूट आहेत." नंतर त्यांना माझ्या बुटांची आठवण झाली आणि ते त्यांनी माझ्या पायांतून काढून घेतले. झगा बांधील पोरीच्या अंगाला लागला होता, तो आपल्या मुलीला नको म्हणून तोही माझ्या अंगावर टाकला. मी नुसत्या मोज्यांवर खाणावळीपर्यंत चालत आलो. एका काखेत चित्र, दुसऱ्या काखेत झगा, आणि दाराशी उभे असलेले सगळे लोक. पेकमने डीकनच्या पोरीचे चित्र काढले आणि ते डीकनलाच ओळखता आले नाही, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक लग्नात सांगितली जाते. मीही सांगतो, आणि माझी सांगण्याची पद्धत इतरांहून बरी आहे. ही आपली मुलगी नव्हे असे डीकन म्हणाले, ते सगळ्यांनी ऐकले. मग ही कोण, असे कोणी विचारले नाही. बांधील पोरीच्या तोंडाकडे कोण बघतो.

लाकडी पाटी महाग म्हणून ते चित्र खरवडून त्यावर दुसरे काही काढावे असे मी बरेचदा ठरवले. सुरी हातात घ्यायचो आणि ती पोर माझ्याकडे बघायची. मग मी सुरीने पाव कापायचो.

आता या सप्टेंबरातले. कॅप्टन टिफ्ट आणि फिलूरा माझ्या घरी आले. कॅप्टनने टोपी न काढता सांगितले की माझी तब्येत ढासळल्याचे कळले, तेव्हा बायकोचे लहानपणचे चित्र ते आत्ताच घेऊन जातील. सासऱ्याने सांगून काढवलेले चित्र ते सासऱ्याच्या वारसाचे, नाही दिले तर मी मेल्यावर ते कोर्टातून घेतील. साब्रा चुलीशी होती. ती कोरडेपणाने म्हणाली, "देऊन टाका की, काका. त्यांचीच पोरगी आहे ती. माझं पुसायचं एक काम कमी." आणि बादली घेऊन गायीकडे निघून गेली.

कॅप्टनना दाखवायला म्हणून मी पेटीतून झगाही काढून ठेवला होता. आमची तोंडे चालू असताना लव्हिनाने तो उचलला, अंगात घातला आणि चुलीपुढे जाऊन मिरवत उभी राहिली. अनवाणी, कारण ती नेहमीच अनवाणी असते. मान वर करून तिने चित्राकडे पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, मी तिथं वर कधी गेले?"

तेव्हा मला दिसले. तेच कपाळ, तीच जरा वाकडी हनुवटी, डोळ्यांत तेच बघणे, की तुम्ही काय करणार ते करा, मी हलणार नाही. इतकी वर्षे मी त्या चित्राखाली जेवलो, झोपलो, आणि मला माझेच काम कळले नव्हते. सगळ्या आयुष्यात मी एकच चेहरा खरा काढला आणि त्यालाच जगाने फसलेले चित्र म्हटले, आणि मीही मान डोलावली. मला हसू आले आणि रडूही आले, आणि धाप लागल्यामुळे दोन्ही नीट जमले नाही.

फिलूरालाही दिसले. ती पोरीकडे बघत राहिली, मग चित्राकडे, मग त्या अंगठ्यावरच्या खुणेकडे. ती खूण झाली तेव्हा फिलूरा त्याच अंगणात होती. तिने नवऱ्याकडे पाठ फिरवली. मला एवढेच म्हणाली, "चित्र राहू द्या, पेकमकाका. पण झगा मिळाला तर बघा. तो आईनं माझ्यासाठी शिवला होता." कॅप्टन म्हणाले की चित्र राहू द्या म्हणजे काय, चित्रासाठी तर घोडागाडी जुंपून आलो, आणि जाताना पुन्हा कोर्टाचे नाव घेऊन गेले.

साब्राला हे तोंडाने सांगायला मी अनेकदा बसलो. धाप लागते आणि ती विचारते, "काय हवंय, मीठ का?" शिवाय ज्याच्या सिंहाला लोक मेंढी समजतात त्याने 'ही तू आहेस' असे सांगितले तर तिने का मानावे, हाही प्रश्न आहे. म्हणून इथे लिहितो. कागदाला धाप लागत नाही.

तर हे चित्र, पाटी आणि चौकटीसह, मी साब्रा डोन हिला देतो, कारण ते तिचे आहे. ते डीकनच्या वारसाला जाऊ शकत नाही याचा पुरावा म्हणून मयत डीकन यांचेच शब्द घ्यावेत. ही माझी मुलगी नव्हे, असे ते साक्षीदारांसमोर म्हणाले. त्या साक्षीदारांपैकी एक, गिरणीवाले एलनाथन पीस, जिवंत आहेत व त्यांना ते चांगले आठवते, कारण ते अजून त्यावर हसतात. आणि डीकननी बूट परत घेतले. मोबदला परत घेतला की सौदा मोडला, असे मला लूमिस यांनी सांगितले. माझे पाय त्या दिवशी गारठले ते अशा रीतीने कामी आले.

सातवे कलम. कॅप्टन हॉस्मर टिफ्ट यांना मी निळ्या रंगाचे एक भांडे व मधल्या जाडीचा ब्रश देतो. कॅप्टन येत्या निवडणुकीला उभे आहेत. त्यांचेही चित्र मी काढले आहे, विजार चढण्याच्या थोडे आधी. आईला आठवण राहावी म्हणून ते काढवले गेले. लाल झगा, गुलाबफळांची माळ, लाल बूट. चाबूक दिला तर ते रडत होते आणि मांजर दिले तर गप्प होत होते, म्हणून हातात मांजर आहे. विरोधी पक्षाच्या कोणी ते पाहिले आणि आता प्रचारसभेत मांजराचे आवाज येतात. या चित्रात झग्यावर निळी विजार रंगवून द्या म्हणून कॅप्टन दोन वेळा येऊन गेले, दुसऱ्या वेळी टोपी काढून. माझा हात कापतो, मी काढली तर ती विजार न वाटता पूर वाटेल. तेव्हा ती त्यांनी स्वतः काढावी.

मात्र अट अशी. सहाव्या कलमातल्या चित्रासाठी ते कोर्टात गेले, तर भांडे व ब्रश रद्द. त्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या चित्रासाठी कोळशाने केलेला कच्चा आराखडा, ज्यात ते साखर संपल्यामुळे जमिनीवर लोळण घेत आहेत, हा लूमिस यांनी खाणावळवाल्याला द्यावा व त्याने तो सिंहाच्या रिकाम्या जागी टांगावा. आराखडा माझ्या बऱ्यापैकी जमलेल्या कामांपैकी आहे.

आठवे कलम. उरलेले रंग व ब्रश लव्हिनाला. तिने हात काढायला माझ्याकडून शिकू नये.

सही करण्यापूर्वी थोडे आणखी लिहावे लागत आहे. आज दुपारी लूमिस व एलनाथन पीस आले. साक्षीदार दोन लागतात. पीस यांना आपण पुराव्यात आहोत हे पाहून साक्षीची सही करावी की नाही असा संशय आला. तोवर लूमिस यांनी साब्राला हाक मारली, की तुला सही येते, तूच कर. मी म्हणालो, तिला करता येणार नाही. का, असे त्यांनी विचारले, आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. साब्रा पीठ लागलेले हात पुसत उभी होती.

ती म्हणाली, "माझं नाव असेल तर खोडा. मला काही नको. सही करते आणि भाकरी टाकायला जाते."

लूमिस म्हणाले, "आधी ऐक, मग खोडायचं का ते सांग." आणि त्यांनी सहावे कलम मोठ्याने वाचले. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. माझ्याच वाक्यांची मला लाज वाटत होती, त्यातल्या त्यात सुरी आणि पावाच्या.

वाचून झाले. साब्राने स्टूल ओढले, चित्र उतरवले आणि बाकावर उभे करून ठेवले. समोर बसली. डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि पाय चित्राजवळ नेऊन धरला. अंगठ्यावरची खूण आता पांढरी पडली आहे, पण आहे. पीस यांनी हसायला तोंड उघडले होते ते तसेच मिटून घेतले.

पाय तसाच ठेवून तिने मला विचारले, "काका, माझे केस त्या दिवशी कुणी विंचरले?"

मी सांगितले, इलेक्टाबाईंनी, स्वतःच्या फणीने, चुलीपुढे.

ती म्हणाली, "मला आठवतंय. कुणीतरी मागं बसून केस विंचरतंय, एवढंच. इतकी वर्षं मला वाटायचं, ते स्वप्न आहे."

मग तिने लव्हिनाला बोलावले, चित्राशेजारी उभे केले आणि दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "ही मी," ती लव्हिनाला म्हणाली. "आणि तुझी आजी अशीच असणार बघ."

झगा आपण स्वतः धुऊन फिलूराला नेऊन देऊ, असेही ती म्हणाली. आम्हा दोघींत बोलण्यासारखे काही आहे, असे म्हणाली. पाचव्या कलमात तशी दुरुस्ती समजावी. पीस यांनी सही करायचे कबूल केले. साब्राने डोळे पुसले, चित्र उचलून पुन्हा जवळून निरखले, आणि मी जे ऐकायची अर्धे आयुष्य वाट पाहिली तो अभिप्राय शेवटी या घरात दिला गेला. तो लूमिस यांच्या सांगण्यावरून जसाच्या तसा लिहून ठेवतो.

"चेहरा माझा आहे, काका. पण हे हात कुणाचे हो?"

हे सर्व वाचून, ऐकून, त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न देता, मी खाली सही करीत आहे. सही कापरी आली तर ती माझीच आहे याचा तोच पुरावा समजावा.

ओरिन पेकम

आमच्यासमक्ष सही केली, आणि करताना हसत होता:
गिडियन लूमिस, मॅजिस्ट्रेट
एलनाथन पीस, गिरणीवाला

साब्रा डोन हिची साक्ष घेतलेली नाही. तिचे नाव वर आहे, आणि ती म्हणते, आता ते खोडू नये.

मुक्काम प्लम रन, ओहायो. तारीख १७ ऑक्टोबर १८४४.